अनुभव धागा : बेळगाव भागात हलकी क्रूझर पुरते, की सरळ मोठी टूरिंग गाडी घ्यावी?

मंडळी, एकट्यानं ठरवता येईना म्हणून हा धागा काढतोय.

टिळकवाडीत घर, उद्यमबागेत नोकरी. बारा वर्षं २२० सीसीची क्रूझर, म्हणजे बुटकी, पाय पुढं टाकून चालवायची मोटरसायकल, चालवली. महिन्यातून एकदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत डिचोलीला सासुरवाडी, बाकी गावातल्या गावात. आता मुलगी शिकायला बाहेर गेली आणि आम्हा दोघांना लांब फिरायचंय. आधी बदामी-हंपी, मग जमलं तर कन्याकुमारी. वय ४९, उंची ५ फूट ५ इंच, डावा गुडघा अधूनमधून धरतो.

डोळ्यांसमोर रॉयल एनफील्डच्या दोन गाड्या आहेत. मिटिऑर ३५०, वजन १९१ किलो, टॉर्क (इंजिनची ओढ) २७ न्यूटन-मीटर. आणि सुपर मिटिऑर ६५०, पुढं काच, मागं पाठटेकू असलेली, २४१ किलो, टॉर्क ५२. मधला फरक ५० किलोचा, म्हणजे सिमेंटचं एक पोतं. ते पोतं रोज गल्लीतून काढायचं आणि आत लावायचं का, एवढाच माझा अडकलेला काटा आहे. शोरूममध्ये सांगतात ते सगळं ऐकून झालं. पावसातलं, उसाच्या दिवसातलं, मागं माणूस बसल्यावरचं कोणी सांगितलं नाही. ते तुम्ही लिहा. तिसरीच एखादी गाडी सुचली तरी लिहा.

खानापूर, प्राथमिक शिक्षिका

माझी शाळा जांबोटीच्या पुढं आहे. जाऊन-येऊन रोज पन्नासेक किलोमीटर होतात. ३५० ची क्रूझर घेऊन चार वर्षं झाली. माझी उंची ५ फूट १ इंच, सीट ७६५ मिलिमीटर. दोन्ही पाय टेकतात, म्हणून ती घेतली. दुसरं काही पाहिलं नाही.

जून ते सप्टेंबर आमच्याकडं रस्त्यावर लाल माती वाहून येते. त्या चिखलावर मागचा ब्रेक जरा जोरात दाबला की गाडी बाजूला सरकायला बघते. धुक्यात समोरून बस आली तर जागच्या जागी थांबावं लागतं, आणि थांबताना पाय कुठं पडतो ते दिसत नाही. अशा वेळी गाडी बुटकी आणि पेलवणारी असणं म्हणजे काय, हे रोज जाणाऱ्यालाच कळतं.

पहिल्याच महिन्यात कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उताराकडं तोंड करून गाडी लावली. निघताना मागं ओढता येईना. टपरीवरचे दोन काका धावून आले म्हणून निघाले. आणखी पन्नास किलो असते तर मी तिथं काय केलं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तेव्हापासून तोंड चढाकडं, पहिला गियर टाकून स्टँड. निघताना गाडी आपोआप मागं येते.

उणी बाजूही सांगते. क्रूझरला पाय पुढं असतात. खड्डा आला तर पायांवर जोर देऊन उठता येत नाही, दणका सरळ माकडहाडात. रामनगरपर्यंत जाऊन आले की दुसऱ्या दिवशी वर्गात उभ्यानंच शिकवते.

निपाणी, तंबाखूचा व्यापार

खानापूरच्या ताईंचं म्हणणं त्यांच्या रस्त्यापुरतं सोळा आणे खरं. पण दादा, तुम्ही दोघं जाणार आहात. दोन माणसं, दोन बॅगा, रेनकोट, हत्यारं धरली तर दीड-पावणेदोनशे किलो गाडीवर चढणार. म्हणजे जवळजवळ ३५० च्या वजनाएवढंच ओझं. तेव्हा २७ चा टॉर्क आणि ५२ चा टॉर्क यात काय फरक, ते तवंदी घाटात कळतं. पुढं कंटेनर, त्याच्या शेजारून दुसरा कंटेनर. हलकी गाडी तिसऱ्या गियरवर धापा टाकत मागं राहते. मोठी गाडी मोकळी जागा दिसली की चटकन पुढं निघते. मला वेगाची हौस नाही. ट्रकच्या बाजूला जितके कमी सेकंद काढाल तितकं बरं, म्हणून सांगतोय.

मी आधी साडेतीनशेच चालवत होतो. हायवेला ८०-९० वर ती सुखात असते. पुण्याला जाताना कऱ्हाडपर्यंत काही वाटायचं नाही, पुढं मात्र हात आणि मान भरून यायची. ६५० वर काच लावल्यापासून छातीवरचा वारा गेला आणि थकवा निम्म्यावर आला.

आता न पटणारं लिहितो. ६५० चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, १३५ मिलिमीटर, ३५० चा १७०. आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात गावोगावी लोकांनी हातानं घातलेले गतिरोधक आहेत, गुडघ्याएवढे. दोघं बसलो की मी तिरका कोन धरून, पहिल्या गियरवर काढतो. आणि गल्लीत वळवायची म्हणजे ताईंनी सांगितलेला त्रास आहेच.

एक विनंती. गाडी कुठलीही घ्या, नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर इकडं येऊ नका. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, दिवा नसतो, असला तर पाचटानं झाकलेला. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून पुढचं चाक गेलं तर १९१ काय आणि २४१ काय. माझा जिवाभावाचा मित्र मी असाच गमावलाय.

शहापूर, बेळगाव

सगळे टॉर्कवर बोलताय. दादांनी वैनींना विचारलंय का?

मी गाडी चालवत नाही, नऊ वर्षं मागं बसते. आधी हलकी क्रूझर, दोन वर्षांपासून मोठी. मागची सीट ही माझ्यासाठी गाडी आहे. हलक्या क्रूझरवर मूळ सीट छोटी होती, टेकायला काही नाही. ब्रेक लागला की मी यांच्या पाठीवर, गाडी पळाली की मागं जाते. बेळगाव ते धारवाड ऐंशी किलोमीटरसुद्धा मुठी आवळून जायचे. मग एका फॅब्रिकेटरकडून पाठटेकू करून घेतला आणि त्याच गाडीवर मी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला आरामात गेले. म्हणजे सगळा त्रास गाडीचा नव्हता, टेकायला नव्हतं त्याचा होता.

मोठी गाडी ट्रक शेजारून गेला तरी हलत नाही, हे मला फार आवडतं. पण चढणं-उतरणं अवघड. दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या की पाय टाकायला वाट राहत नाही. फूटरेस्टवर पाय देऊन शिडीसारखं चढावं लागतं, आणि तेवढा वेळ यांना दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक धरून गाडी पेलावी लागते. मी "चढू?" विचारते, हे "चढ" म्हणतात, मगच. न सांगता चढले होते तेव्हा पेट्रोल पंपावर दोघं आडवे झालो होतो. ज्याचा गुडघा धरतो त्यानं हे आधी करून बघावं.

आणि वैनींना पाच मिनिटांची चक्कर मारून आणू नका. अर्धा तास तरी बसवा. विसाव्या मिनिटाला खरं काय ते कळतं.

उद्यमबाग, गॅरेज

माझ्याकडं दोन्ही येतात. हलक्या गाडीवर दोघं अन् तीन बॅगा घालून घाट करूलाल्यात, मग क्लच प्लेट जळाल्या म्हणून येऊलाल्यात. जड गाडीवाले टायर अन् डिस्क पॅड लवकर संपवतात, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) ढिला होऊन येतो. गाडी कुठली का असंना, जोडीनं जाताना मागच्या शॉकपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवायचा, अन् चेनकव्हरच्या स्टिकरावर दोघांसाठी जी हवा लिहिलीय तेवढी भरायची. दहातले आठजण हे करत न्हाईत. पावसात चेन दर पाचशे किलोमीटरला धुऊन ल्यूब मारा. चोर्ल्यातनं आलासा तर त्याच संध्याकाळी, सकाळवर ढकलू नका. बारा वर्षं क्रूझर चालवलीसा म्हणजे हात बसलेला हाय तुमचा.

चिकोडी

पैशाचं कोणीच बोललं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्याला ४० टक्के. आधी दरी एवढी मोठी नव्हती. वर कर्नाटकात लाखापुढच्या दुचाकीला १८ टक्के आजीवन कर. दोन्ही मिळून ६५० चा आकडा कुठं जातो ते कागदावर मांडून बघा. आणि कोल्हापूरच्या मावशीच्या पत्त्यावर पासिंग करून देतो म्हणणारा भेटेलच, त्याचं ऐकू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की कायद्यानं तिथं नव्यानं नोंदणी लागते. कागदांचे हेलपाटे वेगळे.

बेळगाव कॅम्प, निवृत्त सैनिक

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. वय ६१. निवृत्तीनंतर अडीचशे किलोच्या आसपासची टूरिंग गाडी घेतली, कंपनी सांगत नाही कारण चूक गाडीची नव्हती. तिसऱ्या वर्षी अनमोड घाटात लघवीला थांबलो, डावा पाय सुट्या खडीवर पडला आणि उभी गाडी आडवी झाली. वेग शून्य. पायाला काही झालं नाही, पण एकट्याला गाडी उचलेना. पंधरा मिनिटं तिथं बसून होतो. जवानीत जे अंगात होतं ते आता नाही, हे त्या पंधरा मिनिटांत कळलं आणि फार लागलं.

नंतर उचलायची रीत शिकलो, ती इथं देतो. इंजिन बंद करायचं, गियरमध्ये ठेवायची. गाडी ज्या बाजूला पडलीय त्या बाजूला हँडल पूर्ण वळवून घ्यायचं. गाडीकडं पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या पट्टीला. मग कंबर न वाकवता पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागं रेटायचं. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर ती पलीकडं जाते. तुम्ही जी गाडी घ्याल ती एकदा घराच्या अंगणात गादी घालून मुद्दाम आडवी करा आणि एकट्यानं उचला. उचलली नाही तर घेऊ नका, असं मी ठामपणे सांगतो. मी आता साडेतीनशेवर आहे आणि गोकर्णापर्यंत जाऊन येतो.

अथणी

रस्ते बघता मी हिमालयन ४५० म्हणेन. १९६ किलो, खड्ड्यात उभं राहता येतं. पण सीट ८२५ मिलिमीटर आहे. दादांच्या उंचीला आणि गुडघ्याला झेपेल असं वाटत नाही, म्हणून आग्रह करत नाही.

धागा काढणारा

सगळ्यांचं दोनदा वाचलं, काल रात्री हिलाही वाचून दाखवलं. शहापूरच्या ताईंचं ऐकून ती म्हणाली, "मला बारा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं." मी गप्प बसलो, कारण खरंच विचारलं नव्हतं. तिचं म्हणणं, वर्षाला दोन मोठ्या फेऱ्या, बाकी दहा महिने तीच गल्ली आणि तोच चोर्ला. आणि पाठटेकू पहिल्या दिवसापासून हवा.

निपाणीकर दादांनी निरोप पाठवलाय की रविवारी ते ६५० घेऊन येतात. ओळखीच्या एकाची ३५० मिळतेय. पहाटे सहाला निघून जांबोटीपर्यंत ही माझ्या मागं एकीवर, येताना दुसरीवर, दोन्हीकडं अर्ध्या तासाच्या वर. आल्यावर आमच्या अंगणात गादी घालतोय. फौजी काका, तुम्ही कॅम्पातून याल का? उचलताना कोणी जाणतं शेजारी असलं तर मला धीर येईल.