रीस्टार्ट रात्री दोनलाच कशाला?

कुर्लेकर: काल या फोरमवर एकाने मिरवलं, ‘आमचा सर्व्हर वर्षभर बंद नाही, लिनक्स आहे!’ डोकं फिरलं. कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, पॅच (दुरुस्त्या) डिस्कवर पडून आणि रीस्टार्ट नाही म्हणून चालतोय जुनाच कर्नल. उबुंटू लिनक्सवर ‘रीबूट-रिक्वायर्ड’ फाइल आलीय का बघा, कुठल्या पॅकेजमुळे तेही शेजारच्या फाइलीत मिळतं. महिन्यातून एकदा, रात्री २ ला रीस्टार्ट. विषय संपला.

दादर_पश्चिम: ती पोस्ट माझी. लाइव्हपॅच आहे आमच्याकडे, रीस्टार्ट न करता चालू कर्नलला पॅच लावतं. चालतंय त्याला हात कशाला लावायचा?

कुर्लेकर: लाइव्हपॅच कर्नलपुरता. ग्लिबसी, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी, तिची जुनी प्रत धरून बसलेल्या प्रोसेसचं काय? आणि मार्चमध्ये कुणी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) चुकीची ओळ घातली, तर ती कळते ऑगस्टमध्ये वीज गेल्यावर. मशीन नीट सुरू न होता थेट इमर्जन्सी मोडमध्ये, आणि ओळ लिहिणारा नोकरी सोडून गेलेला.

बदलापूर_स्लो: ‘रात्री २ ला’ म्हणणारे तेव्हा झोपलेले असतात. शेवटची लोकल साडेबाराच्या सुमारास, पहिली चारनंतर. कॅबचे पैसे मागितले तर एचआर म्हणतं घरून कर. घरून केलं, सर्व्हर परत आला नाही, आणि कन्सोल (बंद पडलेल्या मशीनचा स्क्रीन-कीबोर्ड दुरून देणारा) उघडतो फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून! रेल्वेसुद्धा मेगाब्लॉक रविवारी भरदिवसा घेते, आधी जाहीर करून, माणसं रुळावर हजर ठेवून.

परळवाला: शिफ्टचं रडगाणं इथे नको. आपोआप अपडेट लावणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये रीस्टार्टची वेळ ०२:०० टाका, जागायची गरजच नाही.

बदलापूर_स्लो: रडगाणं? तुमचे ०२:०० कुठल्या घड्याळातले? सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असला तर ते आपले सकाळचे साडेसात. आमच्याकडे हेच झालं. टेम्पो गेटवर उभे, मालाची चलनं छापणं चालू, आणि मशीन गेलं खाली. शिव्या मी खाल्ल्या, सेटिंग करणाऱ्याने नाही.

परळवाला: टाइमझोन बघून लावा ना मग. माणूस कशाला बसवायचा?

बदलापूर_स्लो: परत वर आलं नाही तर बघायला!

दादर_पश्चिम: भांडा तुम्ही. एफएसटॅब तपासणारं ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ चालवलं, एक यूयूआयडी (डिस्कच्या भागाचा ओळख क्रमांक) सापडत नाही म्हणतंय. कुर्लेकर, झालं समाधान? या रविवारी ११ ला घेतो. रात्री जागणार नाही.

बदलापूर_स्लो: आधी कन्सोल उघडून ठेवा, ‘टाइमडेटसीटीएल’ने सर्व्हरचं घड्याळ आणि टाइमझोन बघा, मगच रीस्टार्टसाठी ‘शटडाऊन -आर ११:००’. ऐनवेळी कुणी अडवलं तर रद्द करायला ‘शटडाऊन -सी’.

कुर्लेकर: रात्री दोनचं मागे घेतो. महिन्यातून एकदा हे मात्र मागे घेत नाही.