ओट्यामागच्या भिंतीवर टाईल बसवण्यापूर्वी जुन्या गिलाव्याचे काय करावे?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
नमस्कार. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे दहा फूट लांब आणि दोन फूट उंच पट्ट्यात ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या सिरॅमिक टाईल बसवायच्या आहेत. भिंतीला सिमेंटचा गिलावा असून त्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट आहे. शेगडीमागचा भाग वर्षानुवर्षांच्या फोडण्यांनी चिकट झाला आहे, तर सिंकजवळ रंगाला फुगे आले आहेत. गवंडी म्हणतात, की रंगावरच टाचे मारून सिमेंटचा घोळ लावला की टाईल धरते. हे पुरेसे आहे, की गिलावा पूर्ण काढावा लागेल?

उत्तर १:
गिलावा सरसकट काढू नका, पण रंग आणि पुट्टी मात्र ठेवू नका. टाईल घोळाला कितीही घट्ट चिकटली, तरी तो घोळ रंगाला चिकटलेला असतो, रंग पुट्टीला आणि पुट्टी गिलाव्याला. त्यामुळे यांतला जो थर कच्चा असेल तेथून टाईल पाठीला रंगाचा पापुद्रा घेऊनच सुटते. टाचे मारल्याने फक्त खड्ड्यांपुरता गिलावा उघडा पडतो. शेगडीमागचे तेल आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने काढून भिंत स्वच्छ धुवा, नाहीतर खरवडताना ते गिलाव्यात चोळले जाते. मग पत्र्याने खरवडून करडा गिलावा दिसू द्या आणि त्यानंतर टाचे मारा. स्विचबोर्डाजवळ काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद ठेवावा.

पुढे हातोडीच्या दांड्याने इंचाइंचावर ठोकून पाहा. जेथे आवाज भद्द येईल तेथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे, आणि तेवढाच भाग काढावा.

उत्तर २:
खरवडताना करड्याऐवजी पांढरी, नखाने निघणारी भुकटी आली तर तो जिप्समचा गिलावा समजावा. ओल राहिल्यास जिप्सम आणि सिमेंट यांची रासायनिक क्रिया होऊन मधला थर फुगतो व टाईल सुटते. त्यामुळे तेथे योग्य प्रायमर आवश्यक असतो, आणि वजनाची मर्यादाही पाळावी लागते (ब्रिटिश मानकात ती चौरस मीटरला २० किलो आहे). सिंकमागे जिप्सम असेल तर मी ते काढूनच टाकीन.

प्रश्नकर्ता:
खरवडून पाहिले. गिलावा करडाच आहे, पण सिंकजवळ दीड-दोन चौरस फुटांत भद्द आवाज येतो आणि विटेवर पांढरा लोणा दिसतो.

उत्तर १:
मग टाईल थांबवा आणि आधी पाणी कोठून येते ते शोधा. सिंकची नळजोडणी, ओटा आणि भिंत यांमधली फट, पलीकडे न्हाणीघर असल्यास तेथील नळ, आणि भिंत बाहेरची असेल तर तिच्यावरच्या भेगा, हे सर्व तपासावे. आपल्याकडच्या पावसात बाहेरची बारीक भेगसुद्धा आत ओल आणते. ओल थांबल्यावर लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, कारण पाण्याबरोबर क्षार पुन्हा विटेत जातात. विटांच्या सांध्यांतला माल सुमारे १० मिलिमीटर खोल उकरून, भिंत भिजवून १ : ४ प्रमाणात सिमेंट-वाळूचा गिलावा करा. त्याला किमान सात दिवस पाणी मारा आणि पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नका. मग तो सुकू द्या. एकूण चार आठवडे धरले तर उत्तम, आषाढ-श्रावणात त्याहूनही अधिक.

शेवटी दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीवर टेकवा. तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट राहिली तर ती गिलाव्यानेच भरून घ्या, टाईलच्या गोंदाने नव्हे.

उत्तर ३:
एक राहिले. तयार गोंद वापरणार असाल तर टाईल पाण्यात भिजवू नयेत. भिजवण्याची पद्धत सिमेंटच्या मालासाठी आहे. गवंड्यांना हे आधीच सांगा, कारण सवयीने ते सकाळीच बादली भरून ठेवतात.