नागपूर पायी पाहावं का गाडीत बसून? सहलीवरून गावात दोन तट पडलेत

वणाकाठ (धागा सुरू करणारा)

समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव. वाचनालयाची सहल दरवर्षी निघते आणि दरवर्षी त्याच चाकोरीतून जाते. ट्रॅव्हल्स ठरवायची, दीक्षाभूमी, रमण विज्ञान केंद्र, फुटाळा तलाव, वेळ उरला तर कोराडीची देवी, येताना अंताक्षरी, रात्री अकराला गावात. या जानेवारीत मी हट्टानं वेगळं केलं. अकरा जण, सकाळची एसटी. गणेशपेठ स्टँडवर उतरलो आणि तिथून पुढं गाडीच नाही. गांधीसागर, गांधी गेट, महाल, बडकस चौक, गांधीबाग, इतवारी, शेवटी चितार ओळ. अंतर चारेक किलोमीटर, लागले सहा तास, कारण दर दहा पावलांवर कोणीतरी थांबून बसायचं.

गावात आल्यावर पहिला प्रश्न आला, "मंग पाह्यलं काय?" सांगायला एकही 'पॉइंट' नव्हता. म्हणून इथं लिहितो.

आमच्या गावच्या वाण्याचा माल इतवारीतून येतो, हे लहान पोराला पण माहीत. पण इतवारी म्हणजे आमच्यासाठी बिलावरचा शब्द होता. किराणा ओळीत एक हातगाडी अडकली होती, हमाल घामानं ओला, आणि वरच्या पोत्यावर काळ्या शाईनं लिहिलेलं 'हिंगणघाट'. आमचा नववीतला पोरगा ते पोतं दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला. ट्रॅव्हल्सच्या खिडकीतून हे दिसलं असतं का?

दुसरी गोष्ट चितार ओळीतली. तिथं मूर्तिकार सरस्वतीच्या मूर्ती करत होते. एकीला अजून माती लागायची होती, नुसता सुतळीनं आवळलेला गवताचा सांगाडा. आमच्यासोबतच्या काकूंचं माहेर भंडाऱ्याकडचं. त्यांनी सांगाड्याला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं माय, ही त धानाची तणस होय!" मूर्तिकार हसला, म्हणाला, बरोबर. मग दोघं वीस मिनिटं तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बोलत बसले, की ओली चालत नाही, जुनी झाली की तुटते. आम्ही कापूसवाले नुसते ऐकत होतो.

बख्त बुलंद शाह या गोंड राजानं बारा गावं जोडून नागपूर वसवलं, साल सांगतात १७०२. म्हणजे हे शहर मुळात गावांचंच आहे. आणि गाव कसं पाहायचं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. पायी पाहायचं. पुढच्या वर्षी परत असंच करावं का, यावर गावात भांडण सुरू आहे. तुम्ही सांगा.

---

बोंडअळी

मीच तो भांडणारा. हा गडी मले फोनवर सांगून थकला, आता इथं लिवून रायला.

राजेहो, पायी फिरणं कोणाले नवल वाटते? ज्याच्या पायाले रोज गाडी आहे त्याले. आमच्या बाया सकाळी डोक्यावर डबा घेऊन वावरात जातात, दिवसभर पऱ्हाटीच्या तासातून वाकून चालतात, संध्याकाळी वेचलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन परत येतात. वर्षातून एक दिवस सुटका भेटते, अन् तुमी त्यायले सांगता, चला, आता नागपुरात चाला! एक दिवस तरी मऊ शिटावर बसू द्या न बाप्पा. एसीची हवा लागू द्या. खिडकीतून काहीच दिसत नाही, हे बी खोटं. माझ्या पोट्ट्यानं पहिल्यांदा मेट्रो गाडीतूनच पाह्यली.

अन् पोतं पाहाले नागपूरले काहून जा लागते? पोतं त आपल्याच जिनिंगमधी हजार दिसतात.

माझी आई ७६ वर्षांची आहे. गुडघे गेले. तिच्यासाठी तुमच्या सहलीत जागा कुठी आहे?

---

महालकर

माझं घर बडकस चौकाच्या मागं, तीन पिढ्या तिथंच. एक दुरुस्ती आणि एक तक्रार.

दुरुस्ती नाही म्हणत, भर घालतो: गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. माझी आजी शेवटपर्यंत तेच नाव घ्यायची.

आता तक्रार. हल्ली दर रविवारी सकाळी कोणीतरी दहा-बारा जणांचा घोळका घेऊन आमच्या गल्लीत येतं. वाड्याच्या दारासमोर उभे राहतात, खांबांचे फोटो काढतात, 'बघा किती सुंदर' म्हणतात. आत माझी काकू अंगणात भांडी घासत असते, ती पण फोटोत येते. आम्हाला त्या खांबांना लागलेली वाळवी दिसते, पाहुण्यांना नक्षी दिसते. केळीबाग रस्ता रुंद करायला घरं पाडली तेव्हा यातलं कोणी फिरकलं नव्हतं.

तुमच्या काकू आणि मूर्तिकार तणसावर बोलले ते छान. पण बोलले म्हणून छान. नुसतं पाहून गेले असते तर मी बोंडअळीच्या बाजूनं मत दिलं असतं: बसा गाडीत आणि फुटाळ्याला जा.

---

ताई, बचत गट

मी त्या अकरा जणांत होते. कौतुक करणाऱ्यांनी आणि नावं ठेवणाऱ्यांनी, दोघांनीही एक गोष्ट लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. सहा तासांत आम्हा चार बायकांना लघवीला जायला एक धड जागा सापडली नाही. पुरुष कुठंही वळतात. आम्ही सकाळपासून पाणीच कमी प्यायलो. शेवटी इतवारीत एका साडीच्या दुकानात गेलो, पाऊण तास साड्या काढायला लावल्या आणि मग हळूच विचारलं. दुकानातल्या बाईनं वरच्या मजल्यावर पाठवलं. चारशे रुपयांची एक साडी लाजेखातर घ्यावी लागली.

ट्रॅव्हल्सवाला निदान ढाब्यावर थांबवतो. हे महत्त्वाचं आहे भाऊ, तुमच्या पोत्यापेक्षा जास्त.

पण पैशाचं पण लिहिते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याच्या आधी आमच्या गटातल्या कितीतरी जणींनी तालुक्याच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं. ट्रॅव्हल्सची वर्गणी निघते तेव्हा घरात पहिलं नाव नवऱ्याचं, मग पोराचं, आणि बाईच्या नावापाशी पैसे संपतात. एसटीनं गेलो म्हणून आम्ही चौघी होतो. ट्रॅव्हल्समध्ये दोघी असतो.

माझं मत कोणत्या बाजूला धरायचं ते तुम्हीच ठरवा.

---

होस्टेलचं पोट्टं

चिमूरकडचा आहे, तीन वर्षं झाली नागपुरात. दोघांचंही पटत नाही. पायी फिरून एक मोहल्ला कळतो, शहर नाही. ट्रॅव्हल्सनं त मोहल्ला बी नाही अन् शहर बी नाही, फक्त पार्किंग कळते.

मी पहिल्या महिन्यात काय केलं? रविवारी सिटी बसमध्ये बसलो, शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढलं, खिडकी पकडली. शेवटी उतरलो, चहा घेतला, त्याच बसनं परत. दुसऱ्या रविवारी दुसरी लाइन. बसमध्ये चढणारी माणसं बदलत जातात, त्याच्यावरून वस्ती समजते. कुठं कंपनीचा डबा घेतलेले चढतात, कुठं क्लासच्या बॅगा, कुठं भाजीच्या टोपल्या. कोणाच्या दारापाशी उभं राहून फोटो काढा लागत नाही (महालकर, ऐका). अन् आजीचे गुडघे बी दुखत नाहीत (बोंडअळी, तुमी बी ऐका).

मेट्रो बी धरा. ११ डिसेंबर २०२२ ले पूर्वेकडची लाइन सुरू झाली, तवापासून सेंट्रल अव्हेन्यूवर चितार ओळ चौकात स्टेशन आहे. वरून इतवारीची छपरं दिसतात, कवेलू, टिनं, पाण्याच्या टाक्या, मधीच एखादं देऊळ. तेवढं दहा मिनिटांत पाहून होते.

---

वणाकाठ

@होस्टेलचं पोट्टं, आम्ही परत त्याच स्टेशनवरून सीताबर्डीला आलो. छपरं पाहिली. पण खाली त्या गल्ल्या पायी तुडवल्या होत्या म्हणून वरून ओळखू आल्या. आमचा नववीतला पोरगा बोट दाखवून सांगत होता, तो पाहा, आपण चहा घेतला तो कोपरा. आधी वरून पाहिलं असतं तर नुसती टिनं दिसली असती.

@ताई, चूक माझी. रस्ता ठरवताना मी देवळं पाहिली, चौक पाहिले, हे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. तिथं तुम्ही मला काही बोलला पण नाहीत.

@बोंडअळी, वावरातलं चालणं आणि बाजारातलं चालणं एकच कसं? वावरात मागं काम असतं, मुकादम असतो. इथं थांबावंसं वाटलं की थांबता येतं. काकू वीस मिनिटं थांबल्या, त्यांना कोणी 'चला' म्हटलं नाही. मऊ सीटवर बसलेल्या माणसाला ड्रायव्हर हॉर्न मारून बोलावतो, पाच वाजले, बसा.

---

ताई, बचत गट

बोलले नाही, कारण तुम्ही पुढं चालत होता.

---

निवृत्त टपालवाला

सायकलचं कोणीच नाव घेतलं नाही म्हणून म्हाताऱ्यानं तोंड घालतो. पूर्वी एसटीच्या टपावर सामान ठेवायची जाळी असायची, मागच्या बाजूला शिडी. मी आणि माझा मित्र, दोघांच्या सायकली टपावर दोरीनं बांधून नागपूरला नेलेल्या आहेत. स्टँडवर उतरवायच्या आणि सुटायचं. सकाळी महाल, दुपारी सक्करदरा, संध्याकाळी सदर. पायी हे होत नाही. आणि मोटारीत बसलेल्या माणसाला गल्लीतलं फोडणीचं तेल नाकात जात नाही, सायकलवाल्याच्या जातं.

लोहा ओळीत माझी चेन तुटली होती. तिथल्याच एका कारागिरानं हातातलं काम टाकून जोडून दिली, पैसे घेतले नाहीत, वर विचारलं, गावाकडं पाऊस कसा आहे. मी खिडकीत बसलेलो असतो तर माझं काय तुटणार होतं आणि कोण जोडणार होतं?

आता टपही गेले आणि जाळ्याही. त्यामुळं माझा उपाय आज कोणाच्या कामाचा नाही, हे मला कळतं. पण बोंडअळीच्या आईसाठी सांगतो, इतवारीत सायकल रिक्षा अजून दिसतात. गुडघ्यांचं कारण सांगून म्हातारीला घरी ठेवू नका.

---

बोंडअळी

रिक्षात बसवून म्हातारीले फिरवाचं, अन् रिक्षावाला माणूस पायानं ओढते ते चालते का तुमाले? एकाचा पाय वाचवाचा म्हणून दुसऱ्याचा झिजवाचा.

बरं, ताईचं मले पटलं. वर्गणीत बायांची नावं शेवटी येतात, ते आमच्या घरी बी होते. खोटं काहून बोलू? पण त्याच्यावर इलाज पायी चालणं नाही होय. ट्रॅव्हल्समधी बायांची वर्गणी अर्धी करा, बाकीची गावच्या फंडातून घाला.

अन् तारखेचं काय? जानेवारीत अजून वेचणी असते. मजूर भेटत नाही अन् हे अकरा जण घेऊन तणस पाहाले जातात.

---

महालकर

तारखेवरून एक सुचवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला या. वेचणी नसते. त्या दिवशी मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा मोठा पुतळा, निघते; काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. त्या दिवशी महाल-इतवारीत गाडी शिरूच शकत नाही, तुमचा वाद आपोआप मिटतो. आणि त्या दिवशी फोटो काढले तरी कोणी रागावत नाही, सगळं घराबाहेरच असतं. पण पोरांचे हात घट्ट धरा, गर्दी फार. पाणी पडलं तर चिखल.

---

ताई, बचत गट

आणि लघवीचं?

---

महालकर

आमच्या घरी या ताई. काकूला सांगून ठेवतो. भांडी घासताना फोटो मात्र काढायचा नाही.

---

बोंडअळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निंदण-फवारणी असते, ते शहरातल्या माणसाले काय मालूम. मी फेब्रुवारीच्या ट्रॅव्हल्सची नावं लिहाले सुरुवात केली. आतापर्यंत सतरा झाले. वणाकाठ, तुमच्या पायी वारीत किती?

---

वणाकाठ

नऊ. त्यात तुमच्या आईचं नाव आहे. काल वाचनालयात स्वतः येऊन लिहून गेल्या. ७५ च्या वर असल्यानं एसटी त्यांना फुकट, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. त्यांना भांडे ओळीतून पितळी घंगाळ घ्यायचंय, आणि ते तुम्ही उचलून आणायचं आहे म्हणे.