रीफ टँकला खिडकीतलं ऊन का नको?

खारंपाणी
मत स्पष्टच मांडतो. आपल्याकडे ऊन फुकट येतं आणि तरी घरच्या रीफ टँकवर, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, महागडे निळे एलईडी टांगायचे, ही सवय आहे, गरज नाही. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी सूर्यप्रकाश, जिवंत खडक (जीवजंतू वसलेले समुद्रातले खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर सागरी टाकी चालवली आणि 1961 साली त्यावर लिहिलं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला 1987 मध्ये सुरू झालेली प्रचंड रीफ टाकी तर उघड्या आभाळाखालीच होती. माझा टँक 120 लिटरचा, ठाण्यात, पूर्वेच्या खिडकीशी. सकाळी दोन-अडीच तास ऊन. झूअँथिड आणि मश्रूम कोरल हे मऊ प्रवाळ चार वर्षं टिकलेत. वरचा लाइट फक्त संध्याकाळी, बघण्यापुरता.

पश्चिम गॅलरी
दादा, तुमचं चाललं कारण मश्रूमला थोडा उजेड पुरतो. मी मॉन्टिपोरा हा कठीण प्रवाळ ठेवला होता, पुण्यात, उन्हावर. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. प्रवाळाच्या पेशींतलं शैवाल अंधुक उजेडाला सरावतं, हरितद्रव्य वाढवतं, प्रवाळ गडद तपकिरी दिसू लागतो. मला वाटलं, छान भरलाय. मग ऑक्टोबरचं कडक ऊन एकदम आलं. एवढा उजेड त्या शैवालाला झेपत नाही, पेशींत घातक ऑक्सिजन साठतो आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. नऊ दिवसांत वसाहत पांढरीफटक. पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक होत्या. त्या दिवसांची आठवण अजून त्रास देते, म्हणून इतकं लिहितोय.

शून्यसावली
सगळे ‘खिडकी’ म्हणताहेत, दिशा कोणी विचारात घेत नाही. पुण्यात 13 मेच्या सुमारास आणि मुंबईत त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नंतर जुलै संपत येईपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरात ऊन आतपर्यंत पोचतं आणि जूनमध्ये थेट ऊन शून्य. समुद्रात प्रवाळाला उजेड वरून मिळतो, खिडकीतून आडवा. फांद्या काचेकडे झुकतात, मागची बाजू फिकी पडते, पुढच्या काचेवर शैवालाचा थर. टाउन्सव्हिलची टाकी आणि तुमची खिडकी यांची तुलना होत नाही, कारण तिथे छप्परच नव्हतं.

खारंपाणी
शैवालाचा दोष उन्हावर टाकू नका. नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की एलईडीखालीही काच हिरवी होते. आठवड्याला पाणी बदला, मासे कमी ठेवा, खाणं मोजून द्या.

पश्चिम गॅलरी
मान्य, पण उष्णतेचं काय? उन्हातली निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांची. एक युनिट ऊर्जा 100 लिटर पाण्यात राहिली, तर तापमान साडेआठ अंशांनी चढतं. बाष्पीभवनाने काही निघून जातं, पण मे महिन्यात खोलीच 33 अंशांवर असते आणि प्रवाळाला 25-26 हवं. एलईडीचे पैसे वाचवून पाणी गार करणाऱ्या चिलरचं बिल भरायचं. शिवाय बाष्पीभवन वाढलं की रोज आरओचं पाणी घालत बसा, नाहीतर क्षारता चढते.

किनाऱ्यावरची
मी मालवणची. इथले प्रवाळ दर पावसाळ्यात महिनोन्‌महिने गढूळ पाण्याखाली असतात आणि तरी जगतात. त्यामुळे ढगांनी प्रवाळ मरतो, हे मला सरसकट पटत नाही. पण इथे टिकलेत ते पोराइट्स, टर्बिनारियासारखे सोशिक. नाजूक फांद्यांचा अ‍ॅक्रोपोरा खिडकीत ठेवून त्याच्याकडून हीच अपेक्षा करणं अन्याय आहे. आणि कळकळीने सांगते, इथून खडकाचा तुकडाही घरी नेऊ नका. रीफ बांधणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

खारंपाणी
ताई, सोशिक जातींचा मुद्दा मी मूळ मतात जोडतो. कठीण प्रवाळांना एकटी खिडकी नको, हे पटलं. पण मऊ प्रवाळांसाठी मी हटणार नाही. भर दुपारचं ऊन पीएआर मीटरवर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणाऱ्या यंत्रावर) 2000 च्या आसपास जातं आणि यांना 100 सुद्धा चालतं. सकाळच्या तिरप्या उन्हात ते सहज मिळतं. लाटेसोबत तळावर उजेडाची जाळी हलते, ती मला कुठल्याही एलईडीत दिसलेली नाही. पावसाळ्यात लाइट आठ तास लावीन. मग ऑक्टोबरात काय करायचं?

पश्चिम गॅलरी
रोपवाटिकेत 50 टक्क्यांची शेडनेट मिळते, ती सप्टेंबर संपायच्या आत खिडकीला दुहेरी लावा. दोन आठवड्यांनी एक पदर काढा, मग दुसरा रोज अर्धा तास जास्त उघडा. झूअँथिड मिटून बसले, तर त्याच दिवशी जाळी परत लावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.