बंडीतळ ते सायकल स्टँड

जुन्या टॉकीजच्या आठवणींची चर्चा चाललीय, पडद्यावर अन् इंटरव्हलच्या भज्यांवर बरंच बोलून झालं, बाजूच्या मोकळ्या जागेचं मात्र कोणीच नाव काढलं नाही राजेहो! एकांनी तर लिहिलंय की गाड्या लावायची भानगड मोटारी आल्यावरची. आमच्या वऱ्हाडात तसं नव्हतं. १९७५ च्या 'जय संतोषी माँ'ला लोक बैलगाड्या जोडून येत, हे तर सर्वश्रुत आहे. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमागे बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सुटायच्या. बैल चाकाला बांधायचे, पुढ्यात घरून आणलेलं कुटार टाकायचं. कापूस विकला की गर्दी जास्त. पडद्यावर शांत प्रसंग आला की बाहेरच्या घुंगरमाळा आत ऐकू यायच्या.

मग सायकली आल्या, तट्ट्याचं कुंपण आलं. एकाच नंबरचे दोन पत्र्याचे बिल्ले, एक हँडलला, एक आपल्या खिशात. माझा बिल्ला एकदा हरवला. स्टँडवाल्यानं सगळे प्रेक्षक जाईस्तोवर थांबवलं, उरलेली शेवटची सायकल माझी धरली. सीटकव्हर मात्र गेलंच.

टॉकीज बंद पडली. त्या जागेवर आता सोयाबीनचे ट्रॅक्टर उभे असतात.