नकाशे, टॅली आणि मुलाचे गेम : मॅक घ्यावा की विंडोज पीसी?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. मी गेली सतरा वर्षे सांगलीत घरांचे आराखडे, अंदाजपत्रके आणि लहान इमारतींचे स्ट्रक्चरल डिझाइन करतो. घराच्या पुढच्या खोलीत कार्यालय आहे आणि तेथील एकच डेस्कटॉप आम्ही तिघे वापरतो. दिवसभर त्यावर नकाशांसाठी माझे ऑटोकॅड आणि स्ट्रक्चरल डिझाइनसाठी स्टॅड-प्रो चालते. दुपारी मी साइटवर गेलो की पत्नी टॅलीला बसते, कारण मार्केट यार्डातील दोन हळद व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे तिच्याकडे आहेत. आणि रात्रीची जेवणे झाली की अकरावीतला मुलगा तासभर गेम खेळतो.

संगणक २०१७ सालचा असून त्यात सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हा संगणक विंडोज १० वरच अडकला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुसऱ्यांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार अशा संगणकावर फार काळ ठेवणे मला पटत नाही.

मॉनिटर आणि कीबोर्ड चांगले आहेत, ते राहतील. बाकी खर्चासाठी एक लाख दहा हजार रुपये बाजूला काढले आहेत. पुण्यातील मेहुण्यांकडे ॲपलच्या एम-४ चिपचा मॅक मिनी हा छोटा डेस्कटॉप आहे. तो २०२४ साली भारतात ₹५९,९०० या किमतीला आला, आकाराने जेवणाच्या डब्याएवढा आहे आणि चालू असताना आवाजही येत नाही, त्यामुळे मन तिकडे ओढ घेते. मुलाचे म्हणणे असे की ग्राफिक कार्ड घालून पीसी असेंबल करावा. तिसरा पर्याय म्हणजे ओळखीतील एक गृहस्थ इंटेल प्रोसेसरचा २०१९ सालचा मॅकबुक प्रो स्वस्तात देत आहेत, ज्यावर मॅक आणि विंडोज दोन्ही चालतात. मुलगा मुख्यतः व्हॅलोरंट खेळतो आणि जीटीए-५ त्याला खेळायचा आहे. तिघांचेही काम अडणार नाही असा मार्ग कोणता?

हिशेबनीस (मिरज)

सर, आपण यंत्रापासून विचार सुरू केला आहे. माझी विनंती आहे की आपल्या कामातील जो प्रोग्रॅम सर्वांत हट्टी आहे, म्हणजे जो दुसरीकडे कोठेही चालत नाही, त्याच्यापासून सुरुवात करावी. आपल्याकडे असे तीन प्रोग्रॅम आहेत. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, स्टॅड-प्रोही विंडोजसाठीच आहे आणि व्हॅलोरंट संगणकावर फक्त विंडोजमध्ये चालतो. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे हे खरे, परंतु त्यावर जोडायची इतर कंपन्यांची अनेक साधने विंडोजसाठीच बनवलेली असतात, त्यामुळे नकाशा मंजुरीसाठी आपण काही जोडप्रोग्रॅम वापरत असाल तर तो आधी तपासून घ्यावा.

यावर सगळे सांगतात, की मॅकवर पॅरलल्स हा प्रोग्रॅम घालून त्याच्या आत विंडोज चालवता येते. मी तेच केले होते आणि तेव्हा जे घडले ते सविस्तर सांगते, कारण वहिनींवर ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

तीन वर्षांपूर्वी मी मॅकबुक घेतला, आत विंडोज बसवले, टॅली सुरू झाली आणि महिनाभर सारे सुरळीत चालले. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे थ्री-बी, म्हणजे जीएसटीचे विवरणपत्र, भरायचे होते. कंपनीला डिजिटल सहीशिवाय विवरणपत्र भरता येत नाही. सहीचे यूएसबी टोकन लावले, त्यावरचा दिवा लागला. परंतु विंडोजच्या उपकरणांच्या यादीत त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसत राहिला. टोकन काढून पुन्हा लावले, दुसऱ्या पोर्टला लावून पाहिले, ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा बसवला, तरी त्रिकोण तसाच. शेवटी स्कूटरवरून भावाच्या दुकानात जाऊन त्याच्या जुन्या पीसीवर रात्री साडेदहाला विवरणपत्र भरले.

कारण नंतर समजले. मॅकच्या एम मालिकेतील चिप एआरएम पद्धतीच्या, म्हणजे इंटेलहून वेगळ्या रचनेच्या आहेत आणि त्यांच्यावर विंडोजची एआरएम आवृत्तीच चालते. ही आवृत्ती इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम आपल्या भाषेत भाषांतर करून चालवू शकते, म्हणून टॅली उघडते. ड्रायव्हरचे मात्र तिला भाषांतर करता येत नाही. तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेलाच असावा लागतो. माझ्या टोकनचा तसा नव्हता. ज्या उपकरणाला किंवा लायसन्ससाठी यूएसबीला लावायच्या डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, त्या प्रत्येकाच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहतो. चिरंजीवांच्या गेमचे दुखणेही हेच आहे : व्हॅलोरंटमधील चीटिंग रोखणारी व्हॅनगार्ड ही यंत्रणा ड्रायव्हरच्याच थरात बसते.

अजिंक्यतारा_छायाचित्रण (सातारा)

वरील प्रत्येक शब्द मान्य आहे, तरीही मॅकची बाजू कोणीतरी नीट मांडायला हवी. मी साताऱ्यात लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि संकलन करतो. २०२० च्या अखेरीस एम-१ चिप आली तेव्हा मी मॅकबुक एअर घेतला आणि तो आजही रोज कामात आहे. त्यात पंखाच नाही. फोर-के चित्रीकरण पाहताना खोलीत फक्त सनईचा आवाज असतो, आणि ज्याचे काम दिवसभर आवाज ऐकण्याचे आहे त्याला याचे मोल कळते. मे महिन्यात दुपारी वीज गेली तरी हातातले काम थांबत नाही. एम-४ चा मॅक मिनी तर रिकामा असताना चार-पाच वॅट आणि पूर्ण ताणाखाली ६५ वॅटच्या आसपासच वीज घेतो. साध्या यूपीएसवर तो बराच वेळ चालेल.

गेमही पूर्वीसारखे अगदीच नाहीत असे राहिलेले नाही. बाल्डर्स गेट ३ मॅकवर आहे, सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये आला. परंतु मित्रमंडळी जे गेम एकत्र खेळतात तेच नेमके येथे मिळत नाहीत. काउंटर-स्ट्राइकची जुनी आवृत्ती मॅकवर होती, नवी आली तेव्हा २०२३ मध्ये मॅकचा आधार काढून घेतला गेला. मुलगा एकटा खेळणारा असता तर मी वेगळा सल्ला दिला असता.

इंटेलचा जुना मॅकबुक मात्र कृपा करून घेऊ नका. मॅक-ओएस २६ ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, असे ॲपलने २०२५ मध्येच जाहीर केले आहे. विंडोज १० संपले म्हणून आपण जुना संगणक काढत आहात आणि त्याच्या जागी ज्याचे दिवस भरत आले आहेत असेच यंत्र आणाल. शिवाय त्याची रॅम बोर्डलाच जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही.

कॅबिनेट_उघडणारा (सांगली)

माझे संगणक दुरुस्तीचे आणि जोडणीचे दुकान आहे, त्यामुळे मी पीसीच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरून वाचावे. विंडोज घ्यायचे हे आता ठरल्यासारखे आहे. पुढचा प्रश्न पैसे कोठे घालायचे हा आहे आणि बहुतेकांची चूक तेथे होते.

ग्राहक कोटेशनमध्ये ग्राफिक कार्डाचे नाव पाहतो आणि एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, ओळीवर पैसे वाचवतो. आपल्या कामात ग्राफिक कार्डाला तेवढे महत्त्व नाही. स्टॅड-प्रो आणि ऑटोकॅडचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो, तेथे एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा आहे. व्हॅलोरंट हलका गेम आहे, जीटीए-५ मूळचा २०१३ सालचा. आरटीएक्स ५०६० या ग्राफिक कार्डाला पूर्ण ताणाखाली १४५ वॅट लागतात आणि चिरंजीवांच्या गरजेपेक्षा तेही जास्तच आहे. त्याहून मोठे कार्ड घेऊ नये. प्रोसेसर रायझन ५ च्या ७६०० जातीचा घ्यावा, कारण त्याचे एएम-५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०२२ मध्ये आले आणि पुढील काही वर्षे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता येईल. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून फार चढले आहेत. आज सोळा जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसरी जागा मोकळी ठेवावी. दोन पट्ट्यांमुळे वेग थोडा वाढतो हे खरे, परंतु उद्या बत्तीस करताना आठ-आठच्या दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागतात.

आता विजेचे. आपल्याकडे बहुतेक घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो आणि तो सुमारे ३६० वॅटच पेलतो. आधुनिक एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी हे सर्किट असते आणि त्याला स्वच्छ लहरीची वीज लागते, तर स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. गेम चालू असताना वीज गेली की यूपीएसचा रिले ‘कट’ असा वाजतो आणि बॅटरी भरलेली असूनही पीसी जागीच बंद पडतो. ग्राहक बॅटरी बदलतो, पुन्हा तेच होते. म्हणून एक हजार व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस याच खर्चात धरावा आणि संगणक येण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे.

वहिनींचे व्यापारी हळदीचे आहेत म्हणून आणखी एक. मार्केट यार्डातील एका पेढीचा संगणक वारंवार बंद पडतो म्हणून माझ्याकडे आला होता. कॅबिनेट उघडले तर प्रोसेसरच्या हीट सिंकच्या पात्यांमध्ये पिवळीधमक पूड गच्च बसली होती, पंखा फिरत होता पण हवा आरपार जात नव्हती. ब्लोअर मारल्यावर दुकानभर हळदीचा वास सुटला. आपले कार्यालय घरी आहे, तरी पुढच्या बाजूला धुळीची जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, आणि ते जमिनीवर ठेवू नये. २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे जेवढे संगणक आले, त्यांतील बहुतेक टेबलाखाली ठेवलेले होते.

कृष्णाकाठचा_विद्यार्थी (सांगली)

काका, विंडोजऐवजी घालता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातील बरेचसे विंडोज गेम मी प्रोटॉन या त्याच्याच साधनाच्या साहाय्याने खेळतो. ही सोय २०१८ पासून आहे आणि ती खरोखर चांगली चालते. परंतु व्हॅनगार्ड लिनक्सवर चालत नाही. जीटीए-५ मधील एकट्याने खेळायची कथा चालते, ऑनलाइन भाग २०२४ मध्ये नवी चीटिंगविरोधी यंत्रणा आल्यापासून लिनक्सवर बंद झाला. आपला जुना संगणक मात्र टाकून देऊ नका. त्यावर लिनक्स घालून घरच्यांना वाचन, पत्रव्यवहार आणि अभ्यासासाठी वापरता येईल.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. मॅकचा विचार आम्ही सोडला आहे आणि आज वरील सूचनांप्रमाणे कोटेशन मागवले. विंडोजचे अधिकृत लायसन्स आणि एक हजार व्हीएचा यूपीएस धरून ते अंदाजपत्रकात बसते. फक्त कार्ड लहान घेतले म्हणून मुलगा दोन दिवस नाराज होता, मग स्वतःच दोन्ही गेमच्या गरजा शोधून मला दाखवू लागला.

एक शंका उरली आहे. हिशेबनीस ताईंनी लिहिले की व्हॅनगार्ड ड्रायव्हरच्या थरात बसते. व्यापाऱ्यांचे हिशेब असलेल्या संगणकावर अशी यंत्रणा असणे योग्य आहे का?

हिशेबनीस (मिरज)

प्रश्न रास्त आहे. व्हॅनगार्ड संगणक सुरू होतानाच जागी होते आणि तिला खोलवरचे अधिकार मिळतात, हे खरे आहे. माझ्या मते अधिकृत गेमपेक्षा मोठा धोका फुकटात उतरवलेल्या क्रॅक गेमचा आहे. तेवढी एक गोष्ट घरात स्पष्ट बोलून ठेवावी. मुलासाठी वेगळे साधे खाते करावे, ॲडमिनचे अधिकार फक्त आपल्याकडे ठेवावेत, टॅलीच्या फोल्डरला त्याच्या खात्यातून प्रवेश देऊ नये आणि सहीचे टोकन काम संपताच काढून कपाटात ठेवावे. टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क एरवी संगणकाला जोडलेली नसावी. एवढे करूनही मनाला स्वस्थता वाटत नसेल तर विद्यार्थ्याने सुचवल्याप्रमाणे जुना संगणक टाकून न देता मुलाच्या गेमसाठी वेगळा ठेवावा आणि त्याच्यावर काहीच संवेदनशील ठेवू नये.

आणखी एक काम विसरू नका. नव्या पीसीवर टॅली सुरू करण्यापूर्वी जुन्यावरचे लायसन्स टॅलीतूनच सरेंडर करावे लागते. लोक आधी जुनी डिस्क फॉरमॅट करतात आणि मग लायसन्स सोडवण्यासाठी धावपळ करतात. आणि हा सगळा बदल महिन्याच्या २० तारखेच्या आत करू नका.

विश्रामबागकर (सांगली)

पत्नीने हे वाचून कॅलेंडरवर २१ तारखेला खूण केली आहे. सामान त्याआधी आले तरी खोके त्या दिवसापर्यंत उघडायचे नाहीत, असे मुलालाही सांगितले आहे. वायरमन उद्या सकाळी अर्थिंग पाहायला येतो आहे.