बाळंतपणासाठी संमोहन: शिकावं, पण 'दुखणारच नाही' असं कुणी सांगू नये

मासुंदा (ठाणे)

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण दोन महिन्यांपूर्वी झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधीच सांगते.

सातव्या महिन्यापासून ती आणि तिचा नवरा घोडबंदर रोडला एका हिप्नोबर्थिंगच्या क्लासला जात होते. म्हणजे बाळंतपणासाठी स्व-संमोहन. सहा रविवार. चार मोजून श्वास घ्यायचा, आठ मोजून सोडायचा, जबडा नि खांदे सैल सोडायचे आणि डोळे मिटून मनाने एका ठरलेल्या जागी जाऊन बसायचं. तिने आमच्या आजोळच्या विहिरीची खालची पायरी निवडली होती. रोज रात्री इअरफोन लावून रेकॉर्डिंग ऐकत झोपायची. पाचव्या महिन्यात सिझरच्या नुसत्या नावाने रडणारी मुलगी शांत झोपायला लागली, त्यामुळे मला क्लासचं कौतुकच होतं.

पण तिथे 'कळ' हा शब्द बंद होता. 'लाट' म्हणायचं. दुखणं भीतीमुळे येतं, भीती गेली की दुखायला कारणच उरत नाही, असं शिकवलं गेलं. याचं मूळ ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांच्या विचारात आहे. भीतीने अंग आवळतं, त्याने दुखतं, दुखलं की भीती आणखी वाढते, असं चक्र त्यांनी १९३०-४०च्या दशकांत मांडलं. ते मला पटतं. पण भीती दुखणं वाढवते हे एक, आणि भीती नसेल तर दुखणारच नाही हे दुसरं. क्लासने पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारली.

पहाटे तीनला पाणी गेलं. बारा तासांनी पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडलं होतं आणि कळा वाढवायचं सलाईन लावलेलं होतं. पलंगाचा दांडा धरून तिने एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं बधिर करणारं कमरेतलं इंजेक्शन, मागितलं. भुलेच्या डॉक्टरांची वाट बघताना माझा हात धरून म्हणाली, "ताई, मी नीट नाही केलं ना?"

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. बारा तास कळा सोसलेल्या बाईला आपण नापास झालो असं वाटावं? माझं मत असं की हे तंत्र जरूर शिकवा, पण वेदनारहित बाळंतपणाचं आश्वासन देऊन विकू नका. तुम्हाला काय वाटतं?

खाडीपल्याड (ऐरोली)

बहिणीबद्दल वाईट वाटलं, पण तुझं म्हणणं मला अर्धंच पटतं.

माझी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही नॉर्मल. पहिल्या वेळी काहीच शिकले नव्हते. कळ आली की श्वास कोंडायचा, मुठी वळायच्या, आणि कळ गेल्यावरही अंग सैल होत नव्हतं, कारण पुढची येणार ही धास्ती. त्या अठरा तासांतलं आज काहीच धड आठवत नाही. दुसऱ्या वेळी हेच चार-आठ शिकून गेले. कळ साधारण मिनिटभराची, त्यात माझे पाच श्वास बसायचे. तिसऱ्याला टोक यायचं, चौथ्याला उतार लागायचा, पाचव्याला संपलेली असायची. दुखलं, भरपूर दुखलं. पण आता कुठवर आलो आणि किती उरलं, हे माहीत होतं.

आणि 'लाट' शब्दाला नावं ठेवू नकोस. आपल्याकडे पोटुशी बाई दिसली की जी ती आपल्या टाक्यांची कहाणी ऐकवते. नऊ महिने ते ऐकल्यावर एखादा शब्द बदलून बरं वाटत असेल तर वाटू दे की.

चिंतामणी (ठाणे)

माझा विरोध आहे आणि स्पष्ट लिहितो.

या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा २०१६ चा आहे. त्यात ९ चाचण्या, २,९५४ स्त्रिया. निष्कर्ष असा की संमोहन शिकलेल्या स्त्रियांना वेदनाशामकं एकूणात कमी लागली असावीत, पण एपिड्युरलच्या प्रमाणात फरक दिसला नाही, आणि नॉर्मल बाळंतपणाच्या प्रमाणातही ठोस फरक नाही. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले. शिकलेल्यांपैकी २७.९ टक्क्यांनी एपिड्युरल घेतलं, न शिकलेल्यांपैकी ३०.३ टक्क्यांनी. एवढा फरक योगायोगानेही येऊ शकतो, गणितात तो टिकत नाही.

मग सहा रविवार आणि हजारो रुपये कशासाठी? त्यापेक्षा आपण निवडलेल्या दवाखान्यात रात्री दोन वाजता भुलेचे डॉक्टर येतात का, हे विचारावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती, सरकारी दवाखान्यांत १४.३. बायकांच्या भीतीमागे अशी खरी कारणं आहेत. व्यवस्थेचा प्रश्न बाईच्या श्वासावर ढकलला की जे बिघडेल ते तिच्या माथी येतं. मासुंदाच्या बहिणीचं नेमकं तेच झालं.

घोडबंदरकर

नवऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो. आम्ही कासारवडवलीला राहतो, दवाखाना नौपाड्यात. संध्याकाळी सातला निघालो आणि पातलीपाड्यापासून गाडी मुंगीच्या पावलाने. बायको मागच्या सीटवर, दर पाच मिनिटांनी कळ. क्लासला गेलो नसतो तर मी हॉर्न वाजवत आणि लोकांना शिव्या घालत बसलो असतो. त्याऐवजी आरशात तिच्याकडे बघून मोठ्याने मोजत होतो, एक ते आठ. कापूरबावडीपर्यंत मोजत होतो. औषध किती कमी लागलं ते मला माहीत नाही, पण त्या तासाभरात मला करायला काहीतरी होतं आणि तिला ऐकायला माझा आवाज होता.

रात्रपाळी (नवी मुंबई)

चौदा वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर आहे. दोन्ही बाजू रोज बघते.

घाबरलेल्या बाईचं शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि ते कळांच्या आड येतं, हे खरं आहे. मी आधी तिच्या मुठी बघते. मुठी उघडल्या की कंबर सैल पडते. पण शिकून आलेली बाई इतकी शांत असते की नवख्या मुलींना वाटतं अजून वेळ आहे. एकदा एक जण डोळे मिटून खुर्चीत बसली होती, तपासलं तर आठ सेंटीमीटर. म्हणून आल्या आल्या सांगा की मी हे शिकले आहे, गप्प आहे म्हणून दुर्लक्ष करू नका.

दुसरं महत्त्वाचं. पाणी हिरवट गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर तिथे श्वास मोजत बसायचं नाही. ताबडतोब दवाखाना. आणि कुणाला पूर्वी भास होण्यासारखा गंभीर मानसिक आजार होऊन गेला असेल तर आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत वेदना कमी करण्यासाठी शिथिलीकरण आहे आणि एपिड्युरलही आहे, बाईच्या इच्छेनुसार. ही दोन एकमेकांविरुद्ध उभी कुणी केली, कळत नाही. आपल्या सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी बाईची स्वतःची सोबतीण ठेवायला मुभा दिली. तीही कितीतरी घरांना ठाऊक नसते. हक्काने विचारा.

खाडीपल्याड (ऐरोली)

@चिंतामणी, तुम्ही सांगितलेल्या इंग्लंडच्या चाचणीत आणखीही काही होतं. बाळंतपणानंतर विचारलं तेव्हा, आधी वाटलं होतं त्यापेक्षा भीती आणि काळजी कमी वाटली, असं शिकलेल्या गटात जास्त दिसलं. आणि शिक्षण किती? दीड-दीड तासाच्या दोन बैठका आणि घरी ऐकायला एक सीडी. दर बाईमागे जादा खर्च पाच पौंडांच्याही आत. म्हणजे हे श्रीमंतांचं खूळ म्हणून टाकून द्यायचं कारण नाही. सरकारी दवाखान्यात तपासणीच्या दिवशी बायका तीन-तीन तास रांगेत बसतात. तिथेच शिकवा ना. एपिड्युरल तर मिळायलाच हवं, त्यावर आपलं भांडण नाही.

चिंतामणी (ठाणे)

रांगेत, फुकट, आणि खोटं आश्वासन न देता शिकवणार असाल तर माझा विरोध मागे. सहा रविवारांच्या पॅकेजला मात्र कायम आहे.

वाशीची आजी

मुलींनो, संमोहन म्हटलं की सासरची माणसं दचकतात. माझ्या नातसुनेच्या वेळी आमच्याकडे हेच झालं, कुणीतरी तिचं मन ताब्यात घेणार असं विहीणबाईंना वाटलं. मी त्यांना म्हटलं, हे आपल्या शवासन-योगनिद्रेच्या जवळचंच आहे, बाई पूर्ण जागी असते आणि हवं तेव्हा उठून बसते. मी स्वतः ठाण्याला घंटाळीच्या योगवर्गात योगनिद्रा शिकले, म्हणून सांगू शकले.

पण एक विचारते. ओरडायची परवानगी आहे ना त्या क्लासात? माझ्या वेळी सुईण पाठ चोळत म्हणायची, "ओरड गं, मोकळी हो." तोंड मिटून शांत राहणं हेच चांगल्या बाईचं लक्षण, हे आम्ही जन्मभर ऐकलं. ते पुन्हा लेबर रूममध्ये नको.

मासुंदा (ठाणे)

आजी, ओरडण्याबद्दल क्लासमध्ये कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि माझी बहीण ओरडली नाही. तुमचा प्रश्न मी तिला जसाच्या तसा वाचून दाखवला.

बाळाला पाजत ती हा सगळा धागा ऐकत होती. पाच श्वासांचं आलं तेव्हा म्हणाली, परत वाच. मग तिने जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं, कारण त्या वेळी मला बाहेर थांबवलं होतं. कमरेत सुई घालताना तिला पाठ वाकवून बसवलं आणि डॉक्टर म्हणाले, अजिबात हलू नका. नेमकी तेव्हाच कळ आली. "त्या पूर्ण कळेत मी विहिरीच्या पायरीवर होते, ताई. जराही हलले नाही. डॉक्टर म्हणाले, छान बसलात."

आम्ही दोघी मिळून क्लासच्या बाईंना पत्र लिहितो आहोत. सुई घेताना स्थिर कसं बसायचं, सिझरच्या टेबलावर कापायच्या आधी श्वास कसा घ्यायचा, हे सहाव्या रविवारी शिकवा, अशी विनंती आहे. आजींचं ओरडण्याचंही त्यात घातलं आहे.